वन्संनी हात लावून बघितलं

आमच्या वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी मला पीठ मळायला लावलं, थोडा वेळ बाजूला उभ्या राहून बघितलं आणि म्हणाल्या, "तू काउंटरवर बस." तेव्हापासून मी काउंटरवर आहे. वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण पुढे कळलं की या बाई सगळ्यांशीच अशा बोलतात. गिऱ्हाइकानं विचारलं, "पाव आजचा आहे ना?" तर म्हणायच्या, "कालचा आहे, नको घेऊस, संध्याकाळी ये." धंदा अशानं बुडायला हवा होता. उलट गावातला निम्मा पाव आमच्याकडूनच जायचा.

बेकरी त्यांच्या वडिलांची. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा वन्संचं शिक्षण अर्धवट होतं आणि माझा नवरा अजून दप्तर घेऊन शाळेत जात होता. वन्संनी पुस्तकं गुंडाळून ठेवली आणि भट्टी पेटवली. भावाला वाढवलं, शिकवलं, ड्रायव्हिंगचा परवाना काढून दिला, आणि त्याला मी पसंत आहे म्हटल्यावर मलाही पसंत करून टाकलं. स्वतः लग्न केलं नाही. कुणी विषय काढला की म्हणायच्या, "घरात एक भट्टी आहे, दुसरी कुठे सांभाळू?"

त्यांची एक सवय सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिथून झालं. पाव गरम असताना पिशवीत भरला की आत घाम धरतो आणि दुसऱ्या दिवशी बुरशी. म्हणून भरण्याआधी वन्सं प्रत्येक ट्रेवर उपडा हात ठेवायच्या. ऊब लागली तर नुसती मान हलवायच्या. थंड लागला की म्हणायच्या, "भर." त्यांच्या हिशेबी गरम म्हणजे अजून भरवसा नाही, आणि थंड म्हणजे निर्धास्त. इतकी वर्षं त्या हातानं कधी दगा दिला नव्हता.

गावाबाहेर बंद पडलेल्या खाणीच्या पलीकडे प्रकल्प आला. अणुवीज केंद्रांत वापरून झालेलं इंधन तिथे आणून साठवायचं होतं. वापरून झालेलं म्हणजे संपलेलं असं आपल्याला वाटतं, पण ते पिढ्यान्‌पिढ्या घातक राहतं. म्हणून जाड पोलादाच्या अगडबंब पिंपांत घालून ते आणतात आणि तसंच ठेवतात. गावात दोन तट पडले. एकाला नोकऱ्या दिसत होत्या, दुसऱ्याला मरण. कायद्यानं गावाची एक देखरेख समिती नेमायची होती. माल येताना आणि ठेवताना गावाच्या माणसानं डोळ्यांनी बघायचं आणि गावाला सांगायचं. सभेत नावं मागितली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "कालच्या पावाला कालचा म्हणणारी एकच बाई आहे इथे." हात वर झाले. निवृत्त हेडमास्तर अध्यक्ष झाले आणि प्रत्यक्ष जाऊन बघायचं काम वन्संकडे आलं.

पिंपं घेऊन पहिली मालगाडी आली तेव्हा त्यांना डोक्यावर टोपी, गळ्यात बिल्ला घालून सायडिंगला, म्हणजे प्रकल्पाच्या कुंपणातल्या रुळांपाशी नेलं आणि पिंपापासून लांब दोरीमागे उभं केलं. प्रकल्पाचा जो जनसंपर्काचा साहेब होता त्याला आम्ही हसरे साहेब म्हणायचो, कारण तो बातमी कुठलीही असो, हसूनच सांगायचा. त्यानं एक यंत्र दाखवलं, त्यावरचे आकडे दाखवले आणि माइक पुढे केला. "ताई, सांगा लोकांना, सगळं ठीक आहे."

वन्संनी माइक घेतला आणि कुंपणाबाहेरच्या गर्दीला सांगितलं, "मी लांबून बघितलं. मला काही कळलं नाही." झालं. आठवडाभर गाव पेटलेलं होतं. साहेब बेकरीत आला, केक घेतला, हसला आणि म्हणाला, "ताई, तुमची अडचण काय आहे?" वन्सं म्हणाल्या, "मला यंत्रातलं कळत नाही. मी हात लावून बघीन, मगच बोलीन."

तो म्हणाला, वर विचारून सांगतो. वरून होकार आला. एवढ्या चटकन आला की आम्हाला अभिमानच वाटला. साहेबाला वाकवला म्हणून मी त्या दिवशी काउंटरवर फुकटची बिस्किटं वाटली.

दुसऱ्या गाडीपासून वन्सं पिंपाजवळ जायला लागल्या. हातमोजा काढायच्या, पावावर ठेवतात तसा उपडा हात पोलादावर ठेवायच्या, जरा थांबायच्या. मग माइकवर म्हणायच्या, "मी हात लावून बघितलं. थंडगार आहे. घरी जा." आणि लोक खरंच घरी जायचे. या वाक्याची गावात चेष्टाही व्हायची. कुणी जुनी मोटरसायकल घेतली तरी विचारायचे, "वन्संनी हात लावून बघितलं का?" त्या माझ्या वन्सं, पण बघता बघता साऱ्या गावाच्या वन्सं झाल्या.

गाडीच्या दिवशी गाव सायडिंगला लोटायचं. दुकानं बंद, शाळेला सुट्टी, म्हातारीकोतारी घडीच्या खुर्च्या घेऊन. मी आमच्या लेकीला, चिमीला कडेवर घेऊन जायचे. आमचे हे तेवढे नसायचे. प्रकल्पावर अवजड ट्रकचे ड्रायव्हर होते. म्हणायचे, "सिमेंटची खेप आहे." मी म्हणायचे, "सिमेंट एक दिवस थांबेल की." तर नुसते हसायचे. त्या साहेबाचं हसू लागलं होतं त्यांना, एवढंच मला वाटायचं.

गावात येणाऱ्या वरच्या रस्त्याला जिथे वळण आहे, तिथे पहिलंच घर एका तरुण बाईचं. नवरा लांबच्या बंदरावर नोकरीला, पदरात लहान मूल. प्रकल्प आला तेव्हा तिनं सामान बांधायला घेतलं होतं. वन्संवर तिचा फार जीव. मावशी म्हणायची. एक दिवस बेकरीत आली आणि म्हणाली, "मावशी, खरं सांगा. जाऊ का राहू? राहिले तर पुढच्या खोलीत पाळणाघर काढीन म्हणते."

वन्संनी हातातला ट्रे खाली ठेवला. "काढ. मी जाऊन बघते ना प्रत्येक वेळी? ज्या दिवशी मला शंका येईल त्या दिवशी सगळ्यात आधी तुझ्या दारात येईन. मी आहे ना."

तिनं सामान सोडलं. पाळणाघर काढलं. वन्संनी खिडकीचे पडदे शिवून दिले. चिमीही तिथेच जायला लागली. लहानग्यांना घेऊन गर्दीत जाता येत नाही म्हणून ती बाई कधीच सायडिंगला यायची नाही. आम्ही परतताना वन्सं तिच्या खिडकीशी थांबून मान हलवायच्या आणि तीही आतून हलवायची. दोघींचं तेवढंच.

मग तो न्हावी आला. आमच्यासारखंच कोठार दुसऱ्या एका गावात आहे. तिथली समिती भेटीला आली होती आणि हा तिथला बघणारा माणूस. चहाला सगळी मंडळी आमच्याकडेच. न्हावीच तो, गप्पांना काय तोटा. म्हणाला, "थंडीत मी तर मुद्दाम पिंपापाशी रेंगाळतो. पाठ छान शेकून निघते."

वन्सं पाव कापत होत्या. "शेकून?"

"ऊब असते ना त्याला. आत एवढं धगधगतंय, बाहेर थोडी येणारच. दव पडलं तरी त्याच्यावर ठरत नाही. आमच्याकडे पोरं म्हणतात, पिंप गरम तर काम चोख. थंड लागलं तर समजायचं, आत काही नाहीच."

सगळे हसले. वन्सं हसल्या नाहीत. सुरी पावात अर्धी गेलेली तशीच होती. मला वाटलं बोट कापलं. मी हात धरायला गेले तर त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि खरं सांगते, तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. चारचौघांत कुणी आपल्याला मुस्काटात मारावी आणि आपल्यालाच ते उशिरा कळावं, तसा.

रविवारी दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. वन्संनी भावाला वाढलं, स्वतःला वाढलं आणि साध्या आवाजात विचारलं, "धाकट्या, ती पिंपं रिकामी असतात का रे?"

मी सहज नवऱ्याकडे बघितलं. त्यांचा घास तोंडात तसाच राहिला. उत्तर मला तिथेच मिळालं. वन्संनाही मिळालं असणार, कारण त्यांनी पुढचा प्रश्न वेगळा विचारला.

"मग भरलेली कुठून जातात?"

त्यांनी घास कसाबसा गिळला. मग एकदा सुरुवात केल्यावर थांबेनात. बऱ्याच दिवसांचं तुंबलेलं असावं. "तू हात लावायचा हट्ट धरलास ना, ताई. भरलेल्या पिंपाला बाहेरच्या माणसाला हात लावू देतील का ते? आणि कुंपणापलीकडे एवढी गर्दी. काही झालं तर? म्हणून ती गाडी रिकामी पिंपं घालून चालू ठेवली, तुमच्यासाठी. भरलेली ट्रकनं येतात, वरच्या रस्त्यानं. आणि तुम्हाला नव्या इमारतीत रांगेनं दाखवतात ना, तीही रिकामीच. खरी सगळी मागच्या जुन्या शेडमध्ये. नव्या इमारतीला अजून परवानगीच मिळालेली नाही."

"गाडीच्याच दिवशी?"

"त्याच वेळी. सगळं गाव सायडिंगला असतं ना. रस्ता मोकळा मिळतो." आणि मग माझ्या नवऱ्यानं, जणू कौतुक करावं तसं, सांगितलं, "साहेब नेहमी म्हणतात, तुझ्या ताईचे उपकार आहेत. त्या नसत्या तर एवढा निवांत रस्ता मिळाला नसता."

वन्संनी ताट पुढे सरकवलं. "वळणावर थांबता?"

"थांबावंच लागतं. आतून प्रकल्पाचं फाटक उघडल्याचा निरोप येईपर्यंत."

"पाळणाघराच्या खिडकीशी."

"ताई, काही होत नाही. एवढं जाड पोलाद असतं. मी स्वतः बसतोच की त्यात."

असेलही काही होत नसेल. मी शास्त्रज्ञ नाही, वन्संही नाहीत. पण काही होतच नाही तर सांगायला काय झालं होतं? मी हे मोठ्यांदा विचारलं. ते म्हणाले, "सही केली आहे मी, गुप्ततेची. नोकरी जाईल, वर तुरुंग." मी म्हटलं, "आणि बायकोला?" त्यावर ते पानातल्या मिठाकडे बघत राहिले. मला त्या क्षणी त्या माणसाची किळस आली. आजवर मी त्यांना "अहो" म्हणत आले होते. त्या दुपारी हाक मारायलाच शब्द उरला नाही.

वन्सं मात्र त्याच्यावर एका शब्दानंही चढल्या नाहीत. तेच मला जास्त लागलं. रडल्या असत्या, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच म्हटलं, "तुझं नाव मी घेणार नाही. पण मी सांगणार."

हेडमास्तरांना सभा बोलवायला सांगितली तेव्हा ते चाचरले. "पुरावा काय आहे तुमच्याकडे?" वन्सं म्हणाल्या, "आजवर काय होता?" त्यांनी सभा लावली.

सभागृह गच्च भरलं. वन्सं उभ्या राहिल्या आणि त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मी तुम्हाला थंड आहे म्हणून घरी पाठवत होते, ते थंड होतं कारण रिकामं होतं. भरलेलं गरम असतं, हे मला ठाऊक नव्हतं. मला थंड म्हणजे चांगलं वाटलं. भरलेली ट्रकनं, आपल्या वरच्या रस्त्यानं गेली. माझा शब्द होता म्हणून तुम्ही तिकडे बघितलं नाहीत. तो शब्द मी परत घेते.

मला वाटलं, आता गाव साहेबाच्या अंगावर जाईल. साहेब उठला. हसत होता. म्हणाला, ताईंबद्दल आम्हाला अतोनात आदर आहे, त्या फार दमल्या आहेत, वयाप्रमाणे कधी मन साशंक होतं. आणि त्यानं लॅपटॉप उघडून स्पीकरला जोडला. स्पीकरमधून वन्संचाच आवाज आला. "मी हात लावून बघितलं. थंडगार आहे. घरी जा." मग पुढच्या गाडीचा. मग त्याच्या पुढच्या गाडीचा. ठणठणीत, खणखणीत, खात्रीचा आवाज. आणि समोर उभ्या असलेल्या वन्संचा आवाज बसलेला. लोक कुणावर विश्वास ठेवणार? लोकांनी वन्संवरच ठेवला, स्पीकरमधल्या.

कुणीतरी म्हणालं, "ट्रक तर हिचाच भाऊ चालवतो. त्यालाच विचारा की."

सगळ्या माना वळल्या. माझा नवरा शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता. वन्संनी ज्याचं नाव घेतलं नव्हतं तो. साहेबानं अगदी प्रेमानं विचारलं, "सांगा ना, काय असतं तुमच्या ट्रकमध्ये?"

वन्संनी भावाकडे बघितलं. त्या नजरेत जाब नव्हता. मला तरी वाटतं, त्या वेळीही त्यांना तो कुठे बोलून अडकेल याचीच काळजी वाटत होती.

तो म्हणाला, "सिमेंट."

मी उठून उभी राहिले. "खोटं बोलतोय हा माणूस," मी म्हटलं. "रविवारी माझ्या पानावर बसून याने सगळं सांगितलंय." तर पुढच्या रांगेतला एक जण हसला, मग त्याच्या बाजूचा. कुणी म्हणालं, "वहिनी, घरचं भांडण घरी." आणि सगळं सभागृह मोकळेपणानं हसलं. ते हसू मला कळत होतं. त्यांना सुटल्यासारखं झालं होतं. पाळणाघरवाली मधल्या रांगेत बसली होती, तिनं सुटकेचा श्वास सोडलेला मी बघितला. जाताना दोघातिघांनी वन्संच्या खांद्यावर थोपटलं. "विश्रांती घ्या आता, वन्सं." बिल्ला हेडमास्तरांनी परत मागून घेतला. फार ओशाळून मागितला, पण मागितला.

घरी आलो. वन्सं हातपाय धुवायला आत गेल्या. माझा नवरा चिमीचे बूट काढत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्यापासून हिला तिकडे पाठवू नकोस."

"कुठे?"

"पाळणाघरात. तो गाडीचा देखावा आता बंद करणार आहेत. ट्रक रोज जाणार. फाटकाचं काम चाललंय, तासन्‌तास थांबावं लागेल वळणावर."

वन्सं टॉवेल घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. "आणि बाकीची मुलं?" त्यांनी विचारलं.

तो बुटाच्या नाडीशी खेळत बसला. वन्संनी त्याला हातानं भरवून मोठं केलं होतं. त्या तिथेच दारात मटकन खाली बसल्या.

सकाळी मी चिमीचे कपडे आणि दुधाची बाटली आणायला पाळणाघरात गेले. ती बाई गोंधळली. "का नेताय, वहिनी? काल तर सिमेंट आहे म्हणाले ना?"

"हो. सभेत सिमेंट म्हणाले," मी सांगितलं. "आणि घरी येऊन म्हणाले, आपल्या मुलीला तिथे ठेवू नकोस."

तिनं मला दुसऱ्यांदा विचारलं नाही. आत जाऊन फोन लावले, मुलांना घेऊन जा म्हणून. मुलं गेल्यावर आपलं बाळ कडेवर घेऊन, पायांत चप्पलही न घालता तडक बेकरीत आली. मी मागोमाग. वन्सं भट्टीशी होत्या. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही.

"मावशी, तुम्हाला त्यांनी फसवलं," ती म्हणाली. "मला तुम्ही."

मी तोंड उघडणार तेवढ्यात वन्संनी हात करून मला गप्प केलं.

"हो," त्या म्हणाल्या.

ती गेली. दुपारपर्यंत तिच्या दाराशी टेम्पो लागला होता.